वेड्यांचं इस्पितळ कोणासाठी होतं?

निजामाच्या राज्यात वेड्यांचं इस्पितळ जालन्याला होतं. १९५३ साली ते हैदराबादच्या एर्रगड्डा भागात हलवलं गेलं आणि तीनच वर्षांनी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून सुटून मुंबई राज्याला जोडला गेला. इस्पितळ तिकडे राहिलं, रुग्ण इकडे आले. महाराष्ट्राच्या वाट्याला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आली ती चार : येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर. पहिली तीन जुन्या मुंबई इलाख्यातली, चौथं मध्य प्रांतातलं. म्हणजे चारही इंग्रजांच्या मुलखातली. मराठवाड्यातल्या रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटरवर आहे, अंबाजोगाईही फार लांब नाही. पण घरातल्या माणसाला मनोरुग्णालयात ठेवायची वेळ आली की नाव निघतं ते येरवड्याचं, आणि ते तीनशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हापासून मराठवाड्यात सिंचन, रस्ते, वीज, कॉलेजं यांच्या तुटीची यादी लहान पोरालाही पाठ असते. तिच्यात मनोरुग्णालयही घालावं असं कोणालाही वाटेल. सरकारनेही जालन्याला पुन्हा एक प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायचं ठरवलं आहे. तक्रार खरी आहे, मागणीही रास्त आहे. तरीही सत्तर वर्षं जे मिळालं नाही ते नेमकं काय होतं, हे एकदा तपासून घ्यायला हवं. जुन्या वेड्यांच्या इस्पितळांतले हाल आपण सहसा काही निर्दय पहारेकऱ्यांच्या आणि बेपर्वा डॉक्टरांच्या नावावर टाकतो. मला हा हिशोब चुकीचा वाटतो. ती इस्पितळं ज्या कामासाठी बांधली गेली ते काम ती नेमाने करत राहिली, आणि हाल त्या कामातूनच निपजले. काम होतं माणसाला रस्त्यावरून उचलून आत ठेवण्याचं.

याचा पुरावा कायद्यातच सापडतो. कंपनी सरकार जाऊन राणीचं सरकार आलं त्याच वर्षी, १८५८ मध्ये, हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. मोकाट फिरणारा आणि वेडा वाटणारा, किंवा धोकादायक वाटणारा माणूस दिसला की पोलिसाने त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं, सरकारी डॉक्टरने दाखला द्यावा, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावा आणि माणूस इस्पितळात जावा, ही त्यातली मुख्य वाट. त्या वाटेवर पोलीस पहिला आणि डॉक्टर दुसरा. आजारी माणसाने किंवा त्याच्या आईबापांनी उपचार मागत दारात यावं ही कल्पना तिथे जवळजवळ नव्हतीच. गोऱ्यांसाठी सोय निराळी होती. कंपनीच्या चाकरीतल्या गोऱ्या रुग्णांना शक्य तेव्हा जहाजात बसवून इंग्लंडला पाठवत. लंडनजवळच्या पेंब्रोक हाउसमध्ये आणि पुढे १८७० पासून ईलिंगच्या इस्पितळात त्यांना ठेवलं जाई. साहेबाला वेड लागलेलं एतद्देशीयांना दिसू नये, ही त्यामागची एक काळजी होतीच. इथे उरले ते फकीर, भिकारी, दुष्काळात गाव सोडून भटकणारे, आणि गुन्हा केला पण शुद्धीत नव्हता असं ठरलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या इस्पितळांवर तुरुंगखात्याची देखरेख होती. पुण्यात आजही येरवड्याला गेला म्हटलं की तुरुंगात की इस्पितळात, हे विचारून घ्यावं लागतं. ही शेजारवस्ती योगायोगाने झालेली नाही.

आत येणाऱ्या माणसाबरोबर एक कागद यायचा. नाव, जात, धंदा, वय, वेड कधीपासून, वेडाचं कारण काय, अशा रकान्यांचा. तो भरायचा पोलीस, कारण माणूस त्यालाच सापडलेला. ज्याला नाव धड सांगता येत नाही, ज्याचं गाव माहीत नाही, त्याच्या वेडाचं कारण हवालदाराने कुठून आणायचं? आजूबाजूला विचारावं, कोणी म्हणावं गांजा ओढायचा, की झालं काम. इस्पितळात पोचल्यावर ते कारण रजिस्टरात उतरे, रजिस्टरातून वार्षिक अहवालात, आणि अहवालावरून विलायतेत चर्चा होई की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत. पार्लमेंटमध्ये प्रश्न आल्यावर १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. या कमिशनने एक साधी पण त्या काळी कोणी न केलेली गोष्ट केली : १८९२ सालात देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी ज्या २२२ जणांच्या नावापुढे भांग-गांजा हे कारण लिहिलं होतं, त्यांची एकेकाची चौकशी करवली. गावी माणूस पाठवून नातेवाईक शोधले, शेजाऱ्यांना विचारलं. चौकशीअंती २२२चे ९८ उरले, आणि त्यांतही फक्त ६१ जणांच्या बाबतीत गांजा हे एकटं कारण मानता आलं. बाकी ३७ जणांना इतर कारणंही होती. गांजाचा मनावर परिणाम होत नाही असं कमिशनचं म्हणणं नव्हतं. त्याने दाखवलं ते एवढंच की इस्पितळाला आपल्या आतल्या माणसांविषयी फारसं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही पडली नव्हती. उपचार करायचा असेल तर आजाराचं कारण शोधावं लागतं; कोंडायचं असेल तर रकाना भरला की पुरे. त्या शतकातल्या जखडण्यांपेक्षा आणि अंधाऱ्या कोठड्यांपेक्षा मला हा कागद जास्त बोलका वाटतो.

आतली व्यवस्था या हेतूला धरूनच होती. इस्पितळाचं वर्ष कसं गेलं हे अहवालात तीन-चार आकड्यांवरून ठरे : माणसं किती, माणशी खर्च किती, मेले किती, आणि रुग्णांच्या श्रमातून मिळालं किती. बाग, विणकाम, दळण अशी कामं रुग्णांना दिली जात. काम माणसाला सावरतं हे खरंच, पण कामाचा लाभ खर्चाच्या रकान्यात वजा होऊ लागला की बरा होऊन कामसू झालेला माणूस लवकर घरी पाठवायची घाई कोणाला असणार? मृत्यू बहुतांशी वेडाने होत नसत. हगवण, कॉलरा, क्षय या गर्दीच्या आणि घाण पाण्याच्या रोगांनी होत. मुंबईतल्या कुलाब्याचं जुनं इस्पितळ गर्दीने इतकं तुंबलं की नरोत्तमदास माधवदास यांच्या घराण्याच्या देणगीतून ठाण्याला नवं उभारावं लागलं. १९०१ पासून ते चालू आहे. पण नवं इस्पितळ बांधलं की तेही भरायचं. आत येण्याची वाट रुंद आणि बाहेर जाण्याची अरुंद असेल तर दुसरं काय होणार?

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आजच्या कसोट्या त्या काळाला लावू नयेत. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं, असं म्हणतात. पण सगळीकडे असं चालत नव्हतं. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात ज्याँ-बाप्टिस्ट पुसँ या अधीक्षकाने १७९७ मध्ये रुग्णांच्या साखळ्या काढल्या. पुसँ स्वतः तिथला जुना रुग्ण होता; श्रेय पुढे डॉक्टर पिनेल यांना मिळालं, ही गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये यॉर्कला विल्यम ट्यूक या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये घरासारखं इस्पितळ काढलं. लंडनजवळच्या हॅनवेलच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जॉन कॉनोली यांनी १८३९ पासून बांधून ठेवायची साधनं वापरणं बंद केलं. हिंदुस्थानचा १८५८चा कायदा याच्या एकोणीस वर्षं नंतरचा आहे, आणि इथले इंग्रज अधीक्षक हे सगळं वाचून होते. म्हणजे दयेची पद्धत त्या काळाला ठाऊक होती, किमतीसकट ठाऊक होती. किंमत होती माणसांची : पुरेशा संख्येने शिकवलेले परिचारक, रुग्णाशी बोलायला वेळ, त्याची भाषा समजणारा डॉक्टर. मराठी बोलणाऱ्या रुग्णाचा भ्रम इंग्रजी डॉक्टरने दुभाष्यामार्फत ऐकायचा, तेही आठवड्यातून एकदा आला तर. पैसा भिंतीवर खर्च झाला, कारण भिंतीचं काम एकदाच करावं लागतं. आणि काळाचा दाखला देणाऱ्यांनी पुढचा काळही पाहावा. कारण स्वातंत्र्यानंतर भिंती तशाच राहिल्या.

दुसरा आक्षेप डॉक्टरमंडळींचा : औषधंच नव्हती, तर करणार काय? १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आलं, तोवर स्किझोफ्रेनियावर परिणामकारक औषध नव्हतं, हे अगदी खरं आहे. माणूस चवताळला की त्याला धरून ठेवण्याखेरीज हातात फार काही नसे. पण मग औषध आल्यावर काय झालं ते पाहावं लागतं. १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला, तेव्हा मनोरुग्णालयांची पाहणी रांचीच्या इस्पितळाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी केली. बहुतेक इस्पितळं जुनाट आहेत आणि ती डांबून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, उपचारासाठी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. देशात चाळीस हजार माणसांमागे एक खाट होती, इंग्लंडमध्ये तीनशेंमागे एक. हे औषधाच्या आधीचं. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, १९९९ मध्ये, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने ३७ सरकारी मनोरुग्णालयं पाहिली. ३८ टक्के इस्पितळांची रचना सुरुवातीला होती तशीच, तुरुंगासारखी होती. निम्म्याहून अधिक ठिकाणी उंच भिंती होत्या. रुग्णांना कैद्यांसारखं संबोधलं जाई आणि सांभाळणाऱ्यांना वॉर्डर. औषधाच्या गोळ्या त्याच कोठड्यांमध्ये वाटल्या जात होत्या. १९२०च्या दशकात 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आलं होतं, कायदे दोनदा बदलले होते, तरी हेतू शाबूत राहिला होता. येरवड्याचंच घ्या. २०१४ साली तिथल्या अधीक्षकांनी ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेला सांगितलं की १,८५०हून अधिक रुग्णांना १०० शौचालयं आहेत आणि त्यांतली चालू फक्त २५. बाकीची तुंबतात, लोक उघड्यावर बसतात. म्हणजे चालू शौचालयामागे चौऱ्याहत्तर माणसं. ही काही औषधशास्त्राची मर्यादा नव्हे. तुंबलेला पाइप मोकळा करायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. आणि ही माहिती अधीक्षकांनीच दिली होती. त्यातला उघडेपणा महत्त्वाचा, कारण अधिकारी वाईट होता म्हणून हाल झाले, या समजुतीला तिथे जागा उरत नाही.

कायद्याचं पुढे काय झालं? १८५८च्या कायद्याची जागा १९१२च्या कायद्याने घेतली आणि तो थेट १९९३ पर्यंत चालला, कारण १९८७चा नवा कायदा प्रत्यक्षात तेव्हाच लागू झाला. त्याच १९९३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावं लागलं की ज्यांनी गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. प्रकरण मुख्यतः पश्चिम बंगालमधल्या तुरुंगांचं होतं, पण स्वातंत्र्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे वाक्य उच्चारावं लागावं, यातच सगळं आलं. आज लागू असलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून अमलात आलेला. त्याचं विसावं कलम शांतपणे वाचण्यासारखं आहे. रुग्णाचं डोकं सक्तीने भादरू नये. त्याला स्वतःचे कपडे घालू द्यावेत, गणवेशाची सक्ती करू नये. काम करायला भाग पाडू नये आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा. त्याचा खासगीपणा जपावा. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणारं साहित्य मिळावं. पंचाण्णवाव्या कलमात साखळदंड, आणि भूल न देता दिलेला विजेचा झटका, यांना मनाई आहे. कायदेमंडळ हौसेखातर असं काही लिहीत नाही. जे सर्रास होत असतं त्यालाच बंदी घालावी लागते, आणि म्हणून ही कलमं मागच्या दीडशे वर्षांचा कबुलीजबाब म्हणूनही वाचता येतात.

आतले हाल डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्यावर लिहिलं जातं. बाहेर न पडता येण्याचे हाल कागदावर असतात. १८५८च्या कायद्यात रुग्णाला सोडण्याची तरतूद होती. देखरेख मंडळाने लेखी हुकूम द्यावा, किंवा नातेवाइकाने सांभाळण्याची हमी लिहून द्यावी. म्हणजे बाहेर येण्याची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या सहीत. नातेवाईकच नसले, किंवा असूनही सही करायला आले नाहीत, तर माणूस बरा होऊनही आत. बायकांचं यात फार नुकसान झालं. नवऱ्याने दाखल करायचं, दुसरं लग्न करायचं, आणि मग पत्ता चुकीचा निघायचा, अशा तक्रारी मनोरुग्णालयांत काम करणारे लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पुण्याच्या भार्गवी दवर यांनी बापू ट्रस्टच्या कामातून आणि लेखनातून स्त्रिया आणि मनोरुग्णालय हा प्रश्न चिकाटीने लावून धरला. लग्न, मालमत्ता आणि वेडाचा शिक्का यांची गाठ त्यांनी सोडवून दाखवली. २०१९ मध्ये हंस फाउंडेशनच्या अभ्यासात २४ राज्यांतल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा ३६ टक्क्यांहून अधिक रुग्ण एक वर्षापेक्षा जास्त काळ आत होते. मुंबई उच्च न्यायालयापुढे मानसोपचारतज्ज्ञ हरीश शेट्टी यांच्या याचिकेत आपल्याच राज्यातल्या चार इस्पितळांचा प्रश्न आला, तेव्हाही बरे होऊन वर्षानुवर्षं आत राहिलेले शेकडो जण निघाले. या लोकांना कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. जेवण मिळत होतं, गोळी मिळत होती. तरी याला उपचार म्हणता येत नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि मला विचाराल तर सगळ्यांत कठीण. घरी तरी काय वेगळं होतं? साखळी काही इंग्रजांनी आणली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण होरपळून मेले. ते सरकारी इस्पितळ नव्हतं. घरच्यांनी श्रद्धेने आणून ठेवलेली माणसं होती ती. आपल्याकडे २०१३ साली, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हे पहिल्याच बाबीत आहे. म्हणजे इस्पितळ वाईट आणि घर चांगलं, असा सोपा निवाडा चालत नाही. मात्र या आक्षेपात एक गृहीतक दडलेलं आहे : कुटुंब आणि उपचार या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि माणूस एकीकडून काढून दुसरीकडे ठेवायचा असतो. हे गृहीतक खोटं आहे हे १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी दाखवून दिलं. खाटा अपुऱ्या होत्या. त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांना त्याच्यासोबत राहायला बोलावलं. आजार काय असतो, गोळी कधी द्यायची, भडका उडतोय हे कसं ओळखायचं, हे घरच्यांनी तिथे राहून शिकायचं आणि माणसाला घेऊन परत जायचं. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि गावी गेल्यावर त्यांना सांभाळणारं कोणी तरी असे. या प्रयोगाला ना परदेशी निधी होता ना नवी इमारत. भारतीय मानसोपचारात त्याचा उल्लेख आदराने होतो, अनुकरण मात्र त्या मानाने फार थोडं झालं. तंबूंपेक्षा भिंत सोपी वाटते.

रेणापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात साखळी कशी येते, हेही या अंगाने पाहावं. विशीतला मुलगा रात्र-रात्र झोपत नाही, घरच्यांवर संशय घेतो, अंगावर धावून येतो. आधी देवऋषी, मग दर्गा किंवा महानुभावांचं एखादं स्थान, मग कोणी सांगितलं म्हणून पुणे. गाडीभाडं, बरोबर दोन धडधाकट माणसं, चार दिवसांची बुडालेली रोजंदारी. तिथे तपासणी होते, फरक पडतो, महिनाभराच्या गोळ्या मिळतात. महिना संपतो तेव्हा सुगी असते किंवा हातात पैसा नसतो. गोळ्या थांबतात, दोन-तीन महिन्यांत आजार उलटतो, आणि आता घरच्यांचा पुण्यावरचाही विश्वास उडालेला असतो. मग खाटेला दोर. या कुटुंबाला क्रूर म्हणणं सोपं आहे. पण दोर आणि गोळी यांच्यामध्ये तीनशे किलोमीटर असतील तर दोरच जवळचा ठरतो. मोठं, दूरचं, एकच इस्पितळ असं घरातही क्रौर्य पैदा करतं, आपल्या भिंतींच्या बाहेर.

चौथा आक्षेप अमेरिकेचा दाखला देतो. १९५५ साली तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढच्या पंचवीस वर्षांत इस्पितळं रिकामी झाली आणि त्यांतले कितीतरी लोक फुटपाथवर आणि तुरुंगांत पोचले. तेव्हा बंद करा म्हणणाऱ्यांनी जपून बोलावं. बरोबर आहे. पण तिथे घडलं ते असं की १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी वस्तीवस्तीत केंद्रं काढण्याचा कायदा केला आणि ती केंद्रं पुरेशी निघालीच नाहीत. दार उघडलं, बाहेर काही नव्हतं. इटलीतल्या त्रिएस्ते शहरात फ्रांको बझाल्या यांनी क्रम उलटा ठेवला. १९७१ मध्ये ते तिथल्या इस्पितळाचे प्रमुख झाले तेव्हा सुमारे १,२०० रुग्ण होते. त्यांनी शहरात दिवसरात्र उघडी राहणारी केंद्रं काढली, रुग्णांना काम मिळेल अशा सहकारी संस्था उभ्या केल्या, आणि मग इस्पितळ मिटवत नेलं. १९७८च्या कायद्याने इटलीभर नवी मनोरुग्णालयं बांधायला बंदी आली. इटलीतही सगळीकडे ते सारखं जमलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. जिथे आधी केंद्रं निघाली तिथे जमलं. तेव्हा चारही मनोरुग्णालयांना उद्या कुलूप लावा असं मी म्हणत नाही. तीव्र आजारात थोडे दिवस दाखल करावं लागतंच, आणि ज्यांना जायला खरोखरच घर उरलेलं नाही त्यांचीही सोय लावावी लागते.

खाटांचं गणितही मांडून पाहण्यासारखं आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि तीव्र आजार ०.८ टक्के लोकांना. महाराष्ट्रात प्रौढ सात कोटींच्या वर धरले तर तीव्र आजाराचे रुग्ण साडेपाच लाखांपुढे जातात. चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५, म्हणजे एकूण ५,६९५. शंभर रुग्णांमागे एक खाट. जालन्याला आणखी काही शे खाटा झाल्या तरी हे प्रमाण हलत नाही. त्याच सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांत उपचारांविना राहणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. ही तूट खाटांनी भरून निघणारी नाही. ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेमाने मिळणाऱ्या गोळीने भरेल. आणि हे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात निमहान्सने १९८०च्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना शिकवून हे करून दाखवलं, आणि त्यावरूनच १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांनी मनाच्या दुखण्यावर बोलणारे डॉक्टर पहिल्यांदा आपल्या दारात पाहिले. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ पासून मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. म्हणजे माणसं आहेत, रस्ता पडलेला आहे. अडतं ते साध्या ठिकाणी : तज्ज्ञ महिन्यातून कितीदा तालुक्याला येतो, औषधांचा साठा मध्येच संपतो का, बदली झालेल्या डॉक्टरची जागा किती महिने रिकामी राहते.

म्हणून जालन्याच्या नव्या इस्पितळाविषयी बोलताना किती खाटा आणि किती कोटी हे विचारण्याआधी काही दुसरे प्रश्न विचारायला हवेत. रुग्णासोबत घरच्या एकाला राहायला जागा आहे का? आत आलेला माणूस किती दिवसांनी बाहेर पडतो, याची सरासरी दर वर्षी जाहीर होणार का? २०१७च्या कायद्यानुसार, स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्या रुग्णाला ३० दिवसांपुढे ठेवायचं तर पुनर्विलोकन मंडळाची संमती लागते. ते मंडळ जालन्यात बसणार की फायली पुण्या-मुंबईला फिरणार? आणि घरी गेलेल्या रुग्णाची पुढची गोळी रेणापुरात, भोकरात, किनवटात मिळणार की पुन्हा जालन्याची एसटी धरावी लागणार? याच कायद्याच्या अठराव्या कलमात एक तरतूद आहे, तिचा उल्लेख फारसा कोणी करत नाही : किमान मानसिक आरोग्य सेवा आपल्या जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी उपचार घेण्याचा हक्क आहे, आणि तो खर्च सरकारने द्यायचा आहे. लातूर, नांदेड, हिंगोलीतल्या किती कुटुंबांनी असा खर्च मागितला, आणि किती जणांना तो मिळाला, हे आरोग्य विभागाला माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्ज दहा रुपयांचा आहे.